वळणावर ओरडलो तो मीच

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, गाडीचा. बॉनेट उघडलंत की एका बाजूला पुल्यांना विळखा घालून बसलेला काळा रबरी पट्टा दिसतो ना, तो मी. इंजिन मला फिरवतं आणि मी स्टिअरिंगचा पंप फिरवतो. त्या पंपाच्या जिवावर माणसं एका हाताने गाडी वळवतात आणि दुसऱ्या हाताने केस सारखे करतात. त्यांना वाटतं, आपल्याच मनगटात ताकद आहे. वाटू दे बापड्यांना!

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात रबर आणि दोरे एकत्र दाबून मला घडवलं. तपासणाऱ्या बाईंनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा चिवट आहे." ते शब्द मी आजवर विसरलेलो नाही. गाडीच्या रंगाचं कौतुक होतं, सीटच्या कव्हरांचं होतं. माझं नाव मात्र काही बिघडलं तरच निघतं.

मला ज्या गाडीत बसवलं ती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवून, त्यांचे गठ्ठे मागच्या सीटवर रचून त्या स्वतः पोहोचवायच्या. गाडी शिकल्या तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. त्याआधी कुणाला वेळ आहे का, कुणी सोडतंय का, अशी वाट बघत त्या दाराशी ताटकळत असत. गाडी आली आणि ते संपलं.

त्यांचे यजमान कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या बनवायचे. सगळी गल्ली त्यांना चावीकाका म्हणे. त्यांच्या खिशात तेलाची छोटी कुपी कायम असायची. दार करकरलं, सोड तेल. खुर्ची कुरकुरली, सोड तेल. शेजारचे आजोबा एकदा गुडघे वाजतात म्हणाले, तर काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला होता.

काही वर्षांनी मी जरा सैल पडलो. रबर आहे, ताणणारच, त्यात लाज कसली? गाडी वळवताना पंपावर जोर येतो, तेव्हा मी पुलीवर घसरायचो आणि 'चींऽऽ' असा आवाज निघायचा. मला घट्ट करा, एवढंच माझं म्हणणं होतं. पण चावीकाकांनी बॉनेट उघडलं, मला पाहिलं आणि अगदी मायेने माझ्या अंगावर तेल सोडलं. आता यांना कोण सांगणार? कुलपाला सरकायचं असतं, मला धरून ठेवायचं असतं! मी आणखी घसरलो, आवाज आणखी चढला, काकांनी आणखी तेल सोडलं.

सुट्टीत मुलगा घरी आला आणि आईबरोबर रुग्णालयात गेला. फाटकातून वळताना मी असा काही ओरडलो की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. घरी येऊन गाडी थांबताच मुलाने तोंड उघडलं.

"आई, तू स्टिअरिंग शेवटपर्यंत पिळून धरतेस. म्हणून ओरडतंय ते. वळता वळता एकदम जड झालं तर काय करशील? पुरे आता. वय झालंय तुझं. किल्ली दे इकडे."

चावीकाका शेजारीच उभे होते, पण गप्प. बाईंनी किल्ली मुलाच्या हातावर ठेवली आणि त्या आत गेल्या. किल्ल्या बनवणाऱ्याच्या घरात बाईंनाच किल्ली नाही! माझं डोकंच फिरलं. ओरडलो मी आणि शिक्षा त्यांना?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बाहेर आल्या आणि त्यांनी बॉनेट उघडलं. मुलाला म्हणाल्या, "किल्ली तुझ्याकडेच आहे ना? मग बस आत. सुरू कर. आता डावीकडे वळव. शेवटपर्यंत नको नेऊस, अर्ध्यावरच थांब. आता उजवीकडे."

मी जीव तोडून ओरडलो. चाक सरळ झालं की गप्प, वळलं की पुन्हा सुरू. एवढं स्वच्छ मी कधीच बोललो नव्हतो.

"तू वळवलंस तरी ओरडतंय," बाई म्हणाल्या. "मग काय, तुझंही वय झालं?"

मुलगा ओशाळला. इंजिन बंद करायला लावून बाईंनी मला अंगठ्याने दाबून पाहिलं. जन्मभर पायाने मशीन चालवलेली बाई ती, पट्ट्याची नाडी तिला कळणारच. "सैल पडलाय," त्या म्हणाल्या. मग बोटांकडे पाहिलं, वास घेतला.

"अहो, जरा इकडे या. हे तेल कुणाचं?"

"अगं, करकर करत होता, म्हणून दोन थेंब..."

"दोन थेंब? न्हाऊ घातलंय त्याला! माझ्या मशीनच्या पट्ट्याला कधी तेल लावू दिलं का मी तुम्हाला?"

"एकदा लावलं होतं. तू आठवडाभर बोलली नव्हतीस. पण हा गाडीचा, म्हटलं, याचं वेगळं असेल."

"आणि काल हा पोरगा मला बोलत होता तेव्हा मूग गिळून बसलात!"

काकांचा चेहरा पडला. "माझ्यामुळे होतंय हे ठाऊक असतं, तर बसलो असतो का गं?" ते हळूच म्हणाले.

मुलाने आईला घेऊन गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने मला काढलं, पुल्या पुसून कोरड्या केल्या, पंपाची गळती नाही ना ते पाहिलं आणि नवा पट्टा नीट ताणून बसवला. तेल मुरलेला मी पुन्हा कामाचा नव्हतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तो मला कचऱ्यात टाकणार, तोच बाईंनी त्याचा हात धरला.

"थांबा. घरात माझ्या बाजूने बोलणारा हा एकटाच होता."

मुलगा खाली मान घालून उभा होता. मग पुढे झाला आणि किल्ली आईच्या हातात देऊन स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

आता मी बाईंच्या मशीनमागे खिळ्याला टांगलेला असतो. वाचकहो, तुमची गाडी वळताना ओरडली, तर चालवणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी बॉनेट उघडा. आणि तेलाची कुपी खिशातच राहू द्या.

बाई रोज गठ्ठे घेऊन निघतात. कोपऱ्यावर गाडी वळते तेव्हा मी कान देऊन ऐकतो. काहीसुद्धा ऐकू येत नाही. मला छाती असती, तर त्या वेळी ती अभिमानाने फुगली असती.