तोंडात चंदन आणि नऊला राहुकाल

मी शांभवीच्या सायकलचं कुलूप बोलतोय. हो, बोलतोय! तोंडात चंदनाचा गोळा वाळून बसला होता तेव्हा हूं की चूं करायची सोय नव्हती. आता तोंड मोकळं झालंय, तर सगळं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझी घडण साधी. सहा पोलादी पट्ट्या, एकमेकींना रिव्हेटनी जोडलेल्या. उलगडलो की दोन हात लांब, मिटलो की चष्म्याच्या घराहून थोडा मोठा. वजन किलोभरसुद्धा नाही. तंजावर स्टेशनाजवळ रामस्वामींचं सायकलचं दुकान आहे, तिथे खिळ्याला मी पाच महिने लटकून होतो. माणसांची एक गंमत तिथे पाहिली. नव्या सायकलला घंटी घेतील, झालरीचं सीटकव्हर घेतील, पुढे फुलांची टोपलीसुद्धा घेतील. पण कुलुपाची पाळी आली की हात आखडतो. मग बोटाएवढी बारीक तार घेऊन खुशाल घरी जातात.

शांभवीनेही पहिल्यांदा तेच केलं होतं. ती पापनाशमच्या तालुका कचेरीत नोकरीला. रोज सकाळी सायकलने स्टेशन गाठायचं, सायकल दिवसभर तिथे ठेवायची आणि पॅसेंजरने जायचं. एके संध्याकाळी परतली तर सायकल नाही, कठड्याला नुसती तार लोंबतेय! नवी सायकल घेतल्यावर तिच्या वडिलांनी, रघुनाथरावांनी, जहाजाच्या नांगराला शोभेल अशी साखळी आणली. चोर काय, हत्तीसुद्धा तोडणार नाही असली. पण ती रोज वाहून नेणार कोण? खांद्याला वळ उठायचे, हँडलला अडकवली तर गुडघ्यावर आपटायची. पंधरा दिवसांत साखळी घरच्या खुंटीवर विसावली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात कुणीतरी सायकल दहा पावलं ढकलत नेली. मागचं चाक पंक्चर होतं म्हणून वाचली.

तेव्हा शांभवी तणतणत रामस्वामींच्या दुकानात आली. त्यांचं बोलणं तमिळमध्ये झालं, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"मला चोराला घाबरवणारं कुलूप हवं, मला घाबरवणारं नको," ती म्हणाली.

रामस्वामी गालात हसले. त्यांनी पक्कड घेतली आणि एक तार तिच्या डोळ्यांदेखत कापून दाखवली. पापणी लवेपर्यंत काम खलास. मग इंग्रजी यू अक्षरासारखं जाड कुलूप काढलं. मजबूत खरं, पण स्टेशनच्या कठड्याचा खांब त्याच्या कवेत मावणार नव्हता. शेवटी त्यांचा हात माझ्याकडे वळला. माझ्या पट्ट्या खुळखुळल्या हो आनंदाने!

"हे बघ अम्मा," रामस्वामी म्हणाले, "न तुटणारं कुलूप जगात नाही. ह्याला कापायला मशीन लागेल, आवाज होईल, वेळ जाईल. तेवढ्यात चोर दुसरी सायकल बघेल. आणि हे सायकलच्या नळीवर बसतं, तुला उचलावं लागत नाही. जे कुलूप तू रोज नेशील तेच खरं. घरी ठेवलेलं कुलूप खुंटीची राखण करतं."

असा मी ह्या घरात आलो. किल्ल्या दोन. एक शांभवीच्या पर्समध्ये, दुसरी देवघरातल्या डबीत. दोन वर्षं मी ऊन, धूळ, स्टेशनवरच्या कावळ्यांची कृपा सगळं सोसलं. किल्लीच्या भोकावरची चिमुकली झडप तेवढी तुटली. लक्षात ठेवा ती झडप.

आता खरी गोष्ट. शांभवीची आई कमलाक्षी. घर तंजावरच्या जुन्या मराठी लोकांचं, म्हणून घरची बोलीही जुन्या वळणाची. वय अठ्ठावन्न, बोलायला गोड, हट्टाला पक्की. यंदा नवरात्र लागलं आणि एका दुपारी, घरात कुणी नाही असं पाहून, ती लेकीला म्हणाली, "शांभवी, मज सायकल शिकव गे."

शांभवी सुंडलची, म्हणजे फोडणीच्या हरभऱ्यांची, वाटी हातात धरून हसायला लागली.

"हसूं नको. बारा वर्षांची होतें तेव्हां विजयादशमीला शिकायचं ठरलं होतं. थोरला अण्णा शिकवणार होता. सकाळी पाऊस आला. घरचे म्हणाले, पुढच्या विजयादशमीला बघूं. पुढच्या वर्षीं मी मोठी झालें, परकरावर दावणी नेसायला लागलें, मग कोण शिकवतं? शेहेचाळीस विजयादशमी झाल्या गे. मी मोजल्या आहेत."

ह्या मुलखात शिकायची सुरुवात विजयादशमीला. अक्षर असो, वीणा असो, नाहीतर गाडी. त्या दिवशी जे धरलं ते येतंच, असा कमलाक्षीचा पक्का विश्वास. आणि चुकलं तर? "तर नाहींच," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मागायचं धैर्य मजकडे नाहीं."

रघुनाथरावांना कळलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "ह्या वयांत हाड मोडलं तर? यंदा विजयादशमी शनिवारीं आहे, नऊला राहुकाल लागतो. त्याच्या आंत जमलं तर जमलं. नाहीं तर देवाची इच्छा नाहीं समज."

म्हणजे शनिवारी नऊच्या आत चाक फिरलं पाहिजे. ऐकूनच माझं पोलाद गरम झालं!

शुक्रवारी घरात खंडेनवमी, गल्लीत आयुधपूजा. फळीवर लॅपटॉप, रघुनाथरावांची पेनं, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर आणि माझी पर्समधली किल्ली. त्या दिवशी कुठल्या हत्याराला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा झाल्यावरच उचलायचं. सायकल बाहेर ओसरीवर, मी तिला खिडकीच्या गजाशी घट्ट धरून उभा. कमलाक्षीने हँडलला चंदन लावलं, घंटीला लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग माझ्यापाशी वाकली. "तूंच राखतोस रे सगळं," म्हणत तिने प्रेमाने अंगठाभर चंदन घेतलं आणि मध्यभागी छान गोल जागा दिसली तिथे दाबून बसवलं. वर कुंकू.

ती गोल जागा म्हणजे माझं तोंड होतं! झडप असती तर वाचलो असतो. मी आतून ओरडत होतो, पण तोंडातच घास असल्यावर ओरडणार कसा? रात्रभरात चंदन दगड झालं.

शनिवारी सकाळी आठला पुन्हा पूजा आटोपली. कमलाक्षीने साडीचा काष्टा मारला होता, कानामागे मोगरा, डोळ्यांत बारा वर्षांची पोरगी. शांभवीने किल्ली आणली आणि लावली. आत जाईना. जोर केला. किल्लीचं टोक वाकायला लागलं.

"अम्मा! ह्याच्यांत चंदन कोण घातलं?"

कमलाक्षीने पटकन आपला अंगठा पदराआड लपवला.

शांभवी धावत रामस्वामींकडे गेली आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत आली. त्यांचं दुकान उघडं होतं, पण पान्ह्यापासून तेलाच्या डब्यापर्यंत सगळं फळीवर हारांखाली. भटजी राहुकाल संपल्यावर, साडेदहाला येणार, त्याआधी ते सुईलासुद्धा हात लावणार नाहीत. नंतर कटर घेऊन येतो म्हणाले. कटर! ऐकलं आणि माझी सहाही हाडं थरथरली. पण खरं सांगू? माझ्या मरणापेक्षा मला त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"शेजारची सायकल मागूं?" शांभवीने विचारलं.

"सगळ्या सायकली पूजेंत आहेत गे. कोण देईल?" कमलाक्षी पायरीवर बसली. "माझ्याच हाताने मीं दार लावून घेतलं."

रघुनाथराव दारात उभे होते. आता ते 'देवाची इच्छा' म्हणणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "कमला, देवघरांतल्या वेंकटेशाच्या डोळ्यांतलं वाळलेलं गंध तूं कसं काढतेस?"

कमलाक्षीने मान वर केली. मग ती अशी उठली की मोगरा खाली पडला! आत गेली, कोमट पाण्याची लोटी, खोबरेल तेलाची वाटी आणि नव्या खराट्याची एक हीर घेऊन आली. पितळेच्या मूर्तीच्या डोळ्यांतून, बोटांच्या बेचक्यांतून गंध काढण्यात तिची चाळीस वर्षं गेलेली. तिने थेंब थेंब पाणी सोडलं, थांबली, हिरीचं टोक दातांनी ठेचून मऊ केलं आणि इतक्या हलक्या हाताने फिरवलं की मला गुदगुल्याच झाल्या. पिवळं पाणी ओघळलं. पुन्हा पाणी, पुन्हा हीर. मग तेल.

"सीक्रम, अम्मा, लौकर!" शांभवी नाचत होती.

"गप गे. देव आंघोळ करतांना घाई चालत नाहीं."

मला देव म्हणाली! आठ बेचाळीसला किल्ली आत सरकली. वाकलेलं टोक अडलं. मी सगळा जीव पिनांत गोळा केला, आता नाही तर कधीच नाही म्हटलं, आणि खट्! मी उघडलो.

पुढचं मी नळीवर मिटून बसून पाहिलं. कमलाक्षी सीटवर, शांभवीचा हात हँडलवर, आणि मागे कॅरिअर धरून, लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून पळणारे कोण? रघुनाथराव! "समोर बघ, खालीं नको, समोर बघ!" असे ओरडत होते. अख्खी गल्ली दारात आली. एक पायडल, दोन, पाच, नऊ! रघुनाथरावांचा दम संपला आणि हात सुटला, हे तिला कळलंच नाही. बाराव्या पायडलला ती सरळ एका रिक्षाला पूजेसाठी बांधलेल्या केळीच्या खुंटात शिरली. सायकल आडवी, मी खाली, कमलाक्षी केळीच्या पानांत बसलेली आणि पोट धरून हसतेय. कोपर खरचटलं होतं. घड्याळात नऊला तीन मिनिटं कमी होती.

आता डिसेंबर सरतोय, मार्गळी महिना चालू आहे. माझ्या आत अजून चंदनाचा वास आहे, आणि तेलामुळे मी आधीपेक्षाही मऊ फिरतो. रविवारी, शांभवीला सुट्टी असते तेव्हा, सायकल कमलाक्षीची. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: कुलूप असं निवडा जे चोराला जड जाईल आणि तुम्हाला हलकं वाटेल, आणि निवडलंत की बरोबर न्या. पूजा जरूर करा, आम्हालाही मान आवडतो. पण गंध कपाळाला लावा, तोंडात कोंबू नका.

गेल्या रविवारी कमलाक्षी पहिल्यांदा एकटी भाजीबाजाराला गेली. मला चाकातून, नळीतून, कठड्यातून ओवलं, दोनदा ओढून पाहिलं. वांगी आणि केळफूल घेऊन माझ्यापाशी परतली आणि देवघरातल्या डबीत दोन वर्षं झोपलेली ती दुसरी किल्ली पदराच्या गाठीतून काढली. त्या किल्लीची आणि माझी ती पहिलीच भेट. एका झटक्यात उघडलो.

शेजारी फुलं विकणारी धनलक्ष्मी बघत होती. "अक्का, सायकल कुणाची?" तिने विचारलं.

कमलाक्षी 'मुलीची' म्हणायला निघाली होती, मी तिच्या ओठांवर तो शब्द पाहिला. मग तिने हातातल्या किल्लीकडे बघितलं.

"माझी," ती म्हणाली, आणि मला नळीवर बसवून पायडल मारलं.