धूर हवा होता

खराडीहून निघालेली बस स्वारगेटच्या चौकात अडकली होती, तेव्हा शर्मिलाचा फोन वाजला. समोरच्या फ्लॅटमधली भाग्यश्री होती.

"जयभीम वहिनी. भाऊ घरीच आहेत ना? तुमच्या गॅलरीतून धुराचा वास येतोय. म्हणजे जळका नाही, तंबाखूचा. बेल वाजवली, पण कोणी दार उघडलं नाही. म्हटलं, सांगून ठेवावं."

"बरं केलंस," शर्मिला म्हणाली आणि लगेच नवऱ्याला, संजयला, फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

दोन वर्षांपूर्वी असाच फोन वाजत राहिला होता आणि संजय बाथरूमच्या दारात पडलेला सापडला होता. वेळेवर दवाखान्यात नेला, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला, तो वाचला. जलसंपदा खात्यातल्या सगळ्या नोकरीभर सोबत असलेली सिगारेट त्या दिवशी सुटली. घरी आल्यावर तो बोलेनासा झाला, नुसता हाताची बोटं चोळत बसायचा. म्हणून आम्रपालीने, त्यांच्या मुलीने, त्याला डिजिटल कॅमेरा आणून दिला.

आधी कुंडीतली फुलं झाली, कबुतरं झाली. मग आम्रपालीच्या ऑफिसात कोणीतरी परदेशातून सिगारची पेटी आणली. ओढणारं कोणी नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "पप्पा, नुसते फोटो काढा, छान दिसतात." आणि संजय त्यांत रमलाच. वर गुंडाळलेल्या तंबाखूच्या पानाच्या शिरा, तेलकट झाक, कमरेची सोनेरी पट्टी, सगळं तो खिडकीच्या उजेडात तासन्‌तास टिपत बसे. सिगार वाळू नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओला स्पंज घालून ठेवी. डबा स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीशेजारी. शर्मिलाला तो डबा कधीच आवडला नाही, पण नवरा पुन्हा बोलायला लागला होता, म्हणून ती गप्प राहिली.

गेल्या आठवड्यात मात्र तो म्हणाला होता, "सगळे फोटो मेल्यासारखे वाटतात. एकात तरी धूर पाहिजे."

"अगरबत्ती लावा मागे."

"अगरबत्तीचा धूर अगरबत्तीसारखाच दिसतो, शर्मिला."

तेव्हा ती हसली होती. आता बसमध्ये तिला तेच आठवलं. ती चौकातच उतरली आणि रिक्षा केली.

मार्केट यार्डाच्या गेटाशी कांद्याचे ट्रक आडवे लागले होते. रिक्षा इंचभरही हलेना. शर्मिला फोन लावत राहिली. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "ताई, फोन लावून ट्रक हलत नाहीत." पण तिचा चेहरा पाहून त्यानेच आतल्या गल्लीतून रिक्षा काढली.

जिने चढताना तिला धाप लागली. भाग्यश्री दारात उभीच होती. शर्मिलाने कुलूप उघडलं, तर दाराला आतून कडी. ती दोन्ही हातांनी दार वाजवत राहिली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, मग पावलं, मग कडी.

संजय उभा होता. घामेजलेला, पण उभा. त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू ये. राख पडेल."

शर्मिलाने आधी त्याच्या छातीवर तळहात ठेवला. ठोके लागले, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. भाग्यश्री काही न विचारता आपल्या घरात गेली.

हॉलचे पडदे ओढलेले होते. टीपॉयवर काळा कागद, स्टॅंडवर कॅमेरा आणि उपड्या वाटीवर टेकवलेला पेटता सिगार. त्याच्या न पेटलेल्या टोकाला कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा चिकटपट्टीने बसवला होता.

"फुगा दाबून सोडला की तोच धूर ओढतो," संजय म्हणाला. "मला ओढायची गरज नाही."

"फोन?"

"सायलेंटवर होता."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने नजर खाली घातली.

"नाही. दिसत होता मला. भाग्यश्रीची बेलही ऐकली. फोन उचलला नाही, कारण तेव्हा सिगार हातात होता. फुग्याने तो पेटेचना. मग तोंडात धरला."

"ओढलात?"

"पेटवायला म्हणून. पेटल्यावरही ओढला."

शर्मिला खाली बसली. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"वाईट लागला असता तर बरं झालं असतं," तो हळूच म्हणाला. "छान लागला. त्याचीच भीती वाटली. मग लांब ठेवला आणि फुगा लावला. तुला काय सांगावं ते सुचेना."

तिला ओरडायचं होतं. पण हा माणूस सगळं झाकून ठेवू शकला असता, आणि त्याने सांगितलं होतं. तिने विचारलं, "फोटो निघाला का?"

"नाही. धुरावर मागून उजेड पाहिजे. मला दोनच हात."

तिने कपाटातून बॅटरी आणली आणि काळ्या कागदाच्या कडेआडून, धुरावर मागून उजेड पडेल अशी धरली. संजयने फुगा दाबला, सोडला. धुराची निळसर वेल वर चढली. कॅमेऱ्याचा खटका पडत राहिला. मग त्याने स्वतःच सिगार पाण्याच्या मगात बुडवला.

संध्याकाळी ते डॉक्टरांकडे गेले. ईसीजी ठीक आला. डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे. ते तसंच ठेवायचं की नाही, हे मशीन सांगत नाही."

डबा दुसऱ्याच दिवशी खराडीला आम्रपालीच्या घरी गेला. ठरलं ते असं, की फोटो काढायचे तर तिथे, ती समोर असताना, आणि न पेटवता. धुराचा फोटो त्याने कोणालाच दाखवला नाही.

पहिल्या रविवारी तो कॅमेरा घेऊन एकटा गेला. शर्मिलाला दुपारभर कशात लक्ष लागेना. भात दोनदा करपता करपता राहिला. फोन करायचा नाही, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. शेवटी त्याचाच आला.

"निघतोय. आज काही जमलं नाही. सारखा धूर आठवत होता."

शर्मिलाने विचारलं, "मग?"

"मग आम्रपालीला सांगितलं. तिने चहा दिला."

"आल्यावर आधी माझ्याजवळ यायचं."

"तोंडाचा वास घ्यायला?"

"हो," शर्मिला म्हणाली. "वास घ्यायलाच."

"घे," तो म्हणाला. "रोज घेत जा."