तळमजल्यावरच्या परीक्षकाची कैफियत

मी जुना आहे, हे मी नाकारत नाही, मित्रांनो. मी बहकलो होतो, हे मात्र साफ नाकारतो.

तैवानमधल्या शिन्चू शहरातल्या एका विद्यापीठात, संगणकशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, मी बारा वर्षे जागा आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रोग्राम चालवायचे, त्यांची उत्तरे मला दिलेल्या उत्तरांशी ताडायची आणि ‘बरोबर’ की ‘चूक’ एवढेच सांगायचे, हे माझे संगणकी आयुष्य. मी आलो तेव्हा लोकांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले. पुढे माझ्या पंख्यात धूळ साचत गेली. डोक्यावर खोबऱ्याच्या चवीच्या खाऊचे हिरवे पाकीट ठेवायला मात्र कुणी विसरले नाही. ते असले की यंत्र शहाण्यासारखे वागते, अशी इथली श्रद्धा. पाकीट हिरवेच हवे आणि त्याची मुदत उलटलेली नको.

यंदाच्या मे महिन्यात लिआओ पेइ-यून या मुलीने गावागावांतले सर्वांत कमी अंतर शोधणारा प्रोग्राम धाडला. मी म्हणालो, ‘चूक’. तिने अकरा वेळा धाडला. मी अकरा वेळा तेच म्हणालो. या विषयात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली, तर जूनमध्ये पदवी तिच्या हाती पडणार नव्हती. उरलेले त्रेसष्ट जण वरच्या वर्गांकडून वारशाने आलेला एकच प्रोग्राम थोडाफार बदलून धाडत होते, आणि मी त्या सर्वांना ‘बरोबर’ म्हणत होतो.

“अगं, तो जुना प्रोग्राम घे की,” प्रयोगशाळेचा सहायक कू चन-हाओ तिला म्हणाला. “सगळे तरले त्यावर. तुलाच कसली एवढी घमेंड?”

“दादा, माझं उत्तर बरोबर आहे.”

त्याने माझ्या डोक्यावरचे पाकीट उलटून पाहिले आणि कपाळावर हात मारला. “हे बघ, मार्चमध्येच मुदत संपलीय! म्हणून हे खटारं बहकलंय. थांब, ताजं आणतो.”

ताजे आले. मी बाराव्यांदा ‘चूक’ म्हणालो.

“आता?” पेइ-यून म्हणाली. “त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावता? तुम्ही त्याला कोणती उत्तरं दिलीत, ती दाखवा.”

“ती दाखवायची नसतात, बाईसाहेब.”

“मला नका दाखवू. श्याओ बाईंना दाखवा.”

विषय शिकवणाऱ्या श्याओ बाई जिना उतरून आल्या. पेइ-यूनने विचारले, “बाई, ज्या गावातून निघायचं त्याच गावात पोचायचं असेल, तर अंतर किती?”

“शून्य. हे काय विचारणं झालं?”

“माझा प्रोग्राम तेच सांगतो.”

बाईंनी माझ्यातली उत्तरे उघडली. “चन-हाओ, इथे ‘रस्ता नाही’ असं लिहिलंय. कुठून आणलीस ही?”

तो पुटपुटला, “त्या... जुन्या प्रोग्राममधूनच काढली, बाई.”

बाईंनी उत्तरे दुरुस्त केली आणि मला सगळे प्रोग्राम पुन्हा चालवायला लावले. एक बरोबर निघाला, त्रेसष्ट चुकले. पेइ-यून उत्तीर्ण झाली. उरलेल्यांना स्वतःचे डोके चालवायला आठवडा मिळाला.

तेव्हापासून विद्यार्थी मला भंगारात काढा म्हणतात. मित्रांनो, खुशाल काढा! पण यंत्रे जपायची असतील, तर आधी त्यांच्या तोंडी घातलेले उत्तर स्वतः सोडवून पाहा. माझ्या तोंडी तुम्ही चूक घातलीत आणि मी ती बारा वेळा खरे उत्तर देणाऱ्या मुलीच्या तोंडावर फेकली; त्याची लाज माझ्या तारांतून अजून वाहते आहे. म्हणूनच सांगतो, माझ्यात वीज आहे तोवर त्रेसष्टांना ‘चूक’ आणि एकटीला ‘बरोबर’ म्हणताना मी अडखळणार नाही.