बारीक टाक्याची चढण

स्पर्धेच्या फॉर्मवर ‘यंत्र कोणी बनवलं’ अशी एक ओळ होती. ताईने तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि ते दुसऱ्याच कुणाचं असावं तसं पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

“चल ना, की आता फ्रेम करून लावतेस?” शेजारी उभा असलेला धाकटा भाऊ म्हणाला.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. खिशात कायम पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. खेळण्यातल्या ठोकळ्यांचे रोबो बनवायचं खूळ मुळात त्याचं. सहा वर्षं तो या स्पर्धेला येत होता आणि सहाही वर्षं हात हलवत परत जात होता. ताई शिवणकाम करणारी. तीस वर्षांत तिने जे काही बनवलं ते दुसऱ्याच्या मापाचं, दुसऱ्याच्या पसंतीचं. गळा जरा खाली घ्या, बाही जरा वर घ्या, आणि नेताना “बरं झालंय” एवढंच. मग एका रविवारी भावाचा पसारा आवरायला म्हणून ती जमिनीवर बसली, ती अंधार पडेपर्यंत उठलीच नाही. त्याला चार महिने झाले. आता तिच्या हातात बिस्किटांच्या डब्याएवढं पिवळं-निळं यंत्र होतं, कुणाच्याही मापाचं नसलेलं. ते आज आपल्या आपण वर चढावं, एवढंच तिला हवं होतं.

सभागृहात तीसेक टेबलं होती. त्यांवर ठोकळे, वायरी आणि बॅटऱ्यांचा बाजार मांडलेला, आणि टेबलांखाली एखादा पडलेला तुकडा शोधत रांगणारी, केस पिकलेली, एरवी चांगली शहाणीसुरती माणसं. मधोमध एक लाकडी फळी तिरकी लावली होती, माणसाच्या उंचीची, वरच्या टोकाला छोटी घंटा. तीन मिनिटांत वर जाऊन घंटा वाजवायची, मध्ये हात लावायचा नाही, आणि प्रत्येकाला दोनच फेऱ्या. फळीवर काय अंथरणार ते मात्र आयत्या वेळी सांगायचे.

पंच असलेल्या बाईंनी पिशवीतून एक चादर काढली. खालची कड पिनांनी टोचली आणि बाकीची चादर फळीवर नुसती पसरून दिली.

सगळ्यांची तोंडं उतरली. ताईचा चेहरा मात्र उजळला.

“पाना, कापड! अरे, कापड आहे!”

कारण तिच्या यंत्राला चाकंच नव्हती. शिलाई मशीनमध्ये सुईच्या खाली दाते असतात. ते वर येतात, कापड पकडतात, मागे सरकवतात, खाली जातात आणि पुन्हा वर येतात. तिने तसेच दाते ठोकळ्यांचे करून यंत्राच्या पोटाखाली बसवले होते. फळीला दाते टेकवायचे, मागे रेटायचं, अंग पुढे जातं. पानाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. ते चालायला लागल्यावर मात्र वाकून बघत बसला होता.

ताईच्या आधी एका दंतवैद्याचा नंबर होता. त्याच्या रोबोने वीतभर चढून चादर चाकांत गुंडाळून घेतली आणि तिथेच मान टाकली. “यापेक्षा दाढ उपटणं सोपं,” असं पुटपुटत डॉक्टर चादर सोडवत बसले.

मग ताईची शिट्टी झाली. दाते वर आले, कापड पकडलं, मागे सरकवलं. खटक, खटक, खटक. यंत्र जागेवरून तसूभर हललं नाही. हलली ती चादर. वरून सरसर खाली येऊन यंत्राच्या मागे तिच्या सुरेख, एकसारख्या चुण्या पडत गेल्या, परकराला घालाव्यात तशा. हास्याचा असा स्फोट झाला की पंच बाईंनाही शिट्टी तोंडात धरवेना.

ताईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. चूक काय ते तिला तत्काळ कळलं होतं आणि तीच जास्त झोंबत होती. मशीन जागेवर राहतं आणि कापड सरकतं, हे तीस वर्षं हातांत इतकं मुरलं होतं, की हातांनी तेच बनवून ठेवलं होतं.

“दहा मिनिटं आहेत,” पाना धावत आला. त्याच्या ओंजळीत चार रबरी चाकं होती. “दाते काढ, ही लाव. रुंद आहेत, कापड गुंडाळणार नाही. मी बघून ठेवलंय.”

“नको.”

“ताई, हट्ट करू नकोस. दुसरी फेरी गेली की मग थेट पुढच्या वर्षी!”

“मग जाऊ दे! चाकांनी चढलं तर ते तुझं चढेल. मला माझं चढवायचंय.”

ती इतक्या जोरात बोलली की शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. पानाने चाकं खाली ठेवली.

“बरं. मग काय करायचं ते सांग.”

ताईने डोळे मिटले. समोर चादर नाही, गुळगुळीत, पळपुटं अस्तराचं कापड आहे असं मानलं. असं कापड मशीनखाली ओढलं जायला लागलं की ती काय करते? टाका बारीक करते. लांब टाका कापडाला हिसका देतो. बारीक टाक्याचा त्याला पत्ताच लागत नाही.

“दात्यांचा दांडा तिसऱ्या भोकात आहे ना? पहिल्यात घे.”

“पाऊल निम्म्याहून लहान होईल. तीन मिनिटांत पोचेल?”

“जेमतेम,” ताई म्हणाली. “धर तू, मी खुंटी काढते.”

दुसरी शिट्टी झाली. टिक, टिक, टिक, टिक. यंत्र इतकं हळू निघालं की लोकांना वाटलं बंदच पडलंय. पण चादर गपगार पडून होती. एकही चुणी नाही. एक मिनिट झालं तेव्हा ते जेमतेम एक तृतीयांश चढलं होतं. दोन मिनिटांना दोन तृतीयांश, आणि मघाशी हसलेले सगळे आता टेबलं सोडून फळीभोवती जमले होते. डॉक्टर कुणाच्या तरी खांद्यावरून ओरडत होते, “चल गं, चल गं बाई!” एका जागी चादर जराशी वर उचलली गेली. पानाचा हात पुढे गेला, तो ताईने मनगटाला धरून खाली ओढला. चादर पुन्हा बसली.

“वीस सेकंद,” बाई म्हणाल्या.

वीतभर राहिलं. मग चार बोटं. ताईचे ओठ नकळत टिक टिक म्हणत होते, उजवा पाय मशीनचं पायडल मारावं तसा जमिनीवर हलत होता. “पाच,” बाई म्हणाल्या, “चार, तीन...” आणि पिवळ्या ठोकळ्याचं नाक घंटेला टेकलं. आवाज एवढासा झाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

पुढचा गोंधळ काही विचारू नका. पानाने बहिणीला उचललं, तिची चप्पल कुठल्या कुठे गेली, डॉक्टरांनी टाळ्या वाजवता वाजवता स्वतःचाच ठोकळ्यांचा डबा टेबलावरून पाडला. ताई रडत होती आणि हसतही होती, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. हे तिने बनवलं होतं, आणि ते चढलं होतं.

“अभिनंदन. यंत्र उचला आता,” पंच बाई म्हणाल्या.

ताईने यंत्र उचललं. पण टेबलाकडे जायच्या ऐवजी ते पोटाशी धरून ती फळीच्या खालच्या टोकाशी येऊन उभी राहिली.

“बाई, अजून एकदा चढवू? गुणांसाठी नाही हो. नुसतंच.”

पंच बाईंनी मागची रांग पाहिली. मग हातातलं घड्याळ त्यांनी पर्समध्ये टाकलं आणि खाली वाकून चादर स्वतःच्या हातांनी सारखी केली.