बाभळीचे ठोकळे

खंडेनवमीला सगळं गाव हत्यारं पूजतं, गाड्यांच्या बोनेटला झेंडूचे हार घालतं. बानाबाई मात्र आधी जीपच्या पेडलांवर भंडारा टाकायची. लोक हसायचे. हसेनात का! त्यांच्या घरातल्या एका तरी बाईनं कधी चाक हातात धरलं होतं?

फुलंब्रीजवळच्या त्या धनगरवस्तीवर जीप आली ती तिच्या नवऱ्याच्या, मल्हाररावांच्या हौसेनं, लष्कराच्या लिलावातून. तेव्हाची हौसही पोटाला धरूनच असायची. पेट्रोल परवडावं म्हणून मागची बाकं काढायची, तिथं भाड्यानं मेंढरं कोंबायची नाहीतर माणसं. मग मल्हाररावांचा खांदा निखळला आणि ऐन बाजाराला गाडी दारात उभी राहिली. बानाबाई पदर खोचून चाकामागं बसली, तर पाय पेडलांपर्यंत पोचेनात! पारावरची माणसं पोट धरून हसली. मल्हारराव नाही हसले. त्यांनी शहरातून फकिरा मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तिन्ही पेडलांना भोकं पाडली, त्यावर बाभळीचे ठोकळे बोल्टानं आवळले आणि म्हणाला, "लो भाभी, अब गाडी तुमारे नाप की हो गई."

मल्हारराव गेले, फकिराही गेला. बानाबाईनं साठी ओलांडली, पण आजारी मेंढी दवाखान्यात न्यायला ती कधी कुणाच्या हातापाया पडली नाही.

यंदा पुतण्या कारभारी रंग मारून आणतो म्हणून जीप घेऊन गेला. हा बजाजनगरला कंपनीत कामाला, गाड्यांचं भलतं वेड. मागं ह्यानंच आपल्या गाडीला निळे दिवे आणि ही भली रुंद चाकं लावली होती, पोलिसांनी ती उतरवायला लावली. आता त्याच्या दोस्तांत वारं फिरलं होतं. गाडी कशी पाहिजे, तर कंपनीतून निघाली तशीच.

खंडेनवमीला सकाळी जीप आली. हिरवीगार, चकाचक. मागं कारभारीच्या दोस्तांच्या दोन गाड्या.

"काकू, आज शहरात जुन्या गाड्यांचा मेळा हाय. आपली जीप पहिल्या रांगेत!"

बानाबाईनं कौतुकानं जीपवरून हात फिरवला, ताट घेऊन वाकली आणि तशीच थांबली. पेडलांवर नुसतं लोखंड होतं.

"ठोकळे कुठं गेले?"

"ते कंपनीचे नव्हते काकू. दिले टाकून. आता कशी अस्सल झाली बघ."

"ती अस्सल, आन् मी कोण रं? नक्कल?"

"तसं नाय गं. पण आता तुला कशाला तरास? कुठं जायचं तर मला एक फोन कर, मी नेतो."

बानाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. "लंगडी मेंढी आजच दवाखान्यात न्यायचीय. तुझ्या मेळ्यातून येतोस का माघारी?"

कारभारीनं दोस्तांच्या गाड्यांकडं पाहिलं.

"कंपनी, कंपनी! कंपनीला माझे पाय ठावं होते व्हय?"

तिनं ताट खाली ठेवलं, मेंढवाड्याचा बाभळीचा एक खुंट उपटला आणि कुऱ्हाडीनं त्याचे तीन तुकडे केले.

"आजी," एक दोस्त म्हणाला, "हे लावलं तर मेळ्यात घेणार नाहीत."

"नका घेऊ! मी कुठं अर्ज केलाय?" ती कारभारीकडं वळली. "काढले तूच, आता आवळायचेही तूच."

कारभारीनं पेटीतून ड्रिल आणि बोल्ट काढले, ठोकळ्यांना भोकं पाडली. नव्या रंगाखाली फकिरानं पाडलेली भोकं तशीच होती. बोल्ट सरळ आत गेले. शेवटचा बोल्ट आवळताना पोराची मान वर होईना. बानाबाईला त्याची कीव आली, पण तिनं ती दाखवली नाही.

तिनं ठोकळ्यांवर भंडारा टाकला, नारळ फोडला, लंगडी मेंढी मागं चढवली.

"बस मागं. मेंढी धर."

"काकू, माझे नवे कपडे..."

"धर म्हन्ते ना!"

कारभारी मेंढी कवटाळून बसला. पुढं वाट अरुंद, त्यात दोस्तांच्या दोन्ही गाड्या आडव्या. बानाबाईनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. दोन्ही गाड्या पार डांबरी रस्त्यापर्यंत उलट्या सरकत गेल्या.

पारावर माणसं बसलेली होतीच. आज कुणी हसलं नाही. बानाबाईनं गाडी मुद्दाम पारासमोर थांबवली, क्लच पुरता दाबला आणि मगच पुढचा गिअर टाकला.