महाराजांच्या पायाचं सूत

सालईटोल्याच्या मारुतीपुढं त्या सकाळी एवढी गर्दी लोटली होती की मागच्यांना महाराज दिसत नव्हते आणि पुढच्यांना श्वास घेता येत नव्हता. ओट्यावर बायाबाई आपला सुजका डावा पाय पसरून बसली होती. तालुक्याच्या बाजारात मच्छी विकणाऱ्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या या बाईने आज हात जोडले होते. आदल्या संध्याकाळी सूतवाल्या महाराजांनी याच गर्दीसमोर तिच्या घोट्यावर लाल सूत बांधलं होतं, तेव्हा ते मांसात रुतत होतं. आता महाराजांनी त्या सुताखाली दोन बोटं घातली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली.

"सूत ढिलं, रोग ढिला! बोला, सूतनाथाचा विजय असो!"

विजय असो म्हणताना लोकांचे गळे बसले. पोलीस पाटील केवळराम तर रडायलाच लागले. हत्तीपाय म्हणजे या भागात घरोघरचं दुखणं. तो एका रात्रीत उतरताना बघितल्यावर माणसाने रडू नये तर काय करावं?

उपचार साधा होता. रोग्याने रात्रभर उताणं निजायचं आणि पाय धानाच्या भरल्या पोत्यावर, तळवा तलावाकडे करून ठेवायचा. सकाळपर्यंत रोग पायातून पोत्यात उतरतो.

"हे धान आता रोगी झालं," महाराज बायाबाईचं पोतं दाखवत म्हणाले. "घरात ठेवाल तर रोग पुन्हा अंगावर चढेल. पण घाबरू नका. हा रोग पचवायची शक्ती आमच्यात आहे."

ती शक्ती बाहेर टेम्पोच्या रूपात, इंजिन चालू ठेवून उभीच होती. त्या रात्री असेच निजलेल्या गावातल्या साऱ्या रोग्यांची पोती तिच्यात चढली. निघताना महाराजांनी एक आज्ञा दिली, "सरकारी गोळी गरम, सूत थंड. घरात गोळी शिरली की सुताचा गुण गेला!"

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली.

उपकेंद्राची सिस्टर रुचिता मेश्राम गोळ्यांचा डबा आणि डासाचं भलंमोठं चित्र घेऊन दारोदार फिरली. लोकांनी चित्र कौतुकाने पाहिलं. एवढा मोठा डास आमच्या गावात नाही, असंही दोघातिघांनी तिला सांगितलं. गोळी मात्र कुणी घेईना. बायाबाई तर दारात आडवीच उभी राहिली. मागून तिची नात नीतू डोकावत होती.

"पोरीले गोळी देऊ द्या, मावशी," रुचिता म्हणाली.

"तिले काय धाड भरली? चांगली पळून राहिली. जिले काही झालंच नाही, तिनं गोळी कायले खाव?"

"काही झालं नाही म्हणूनच खाव लागते."

"हे बरं हाय! उद्या म्हनशीन, भूक नाही म्हनून जेव." बायाबाईने दार लोटलं. गल्लीतले लोक हसले. रुचिताचा चेहरा उतरला, पण ती भांडली नाही.

आता बायाबाईच्या मनातलं सांगायला हवं. महाराज गेले त्याच दिवशी, सूर्य कलता कलता, तिचा पाय पुन्हा फुगला होता. सूत पुन्हा मांसात रुतलं होतं. तिने लुगडं खाली ओढून पाय झाकला. कुणाला काय तोंड दाखवणार? सारं गाव तिचा पाय बघून शहाणं झालं होतं. आपलंच काहीतरी चुकलं, आपणच मनात शंका आणली, असं स्वतःला समजावत ती निजायला गेली. उशाला घ्यायचं सोडून तिने घरातलं जुनं, गुंडाळलेलं जाळं पायाखाली घेतलं. पोतं तर महाराजांनी नेलं होतं आणि पाय उंच ठेवल्यावर ठणका कमी होतो हे तिला कळलं होतं.

सकाळी सूत ढिलं. संध्याकाळी घट्ट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. महाराज नाहीत, मंत्र नाही, धान नाही, नुसतं मच्छीचा वास मारणारं जाळं! बायाबाई बाजारात बसल्या बसल्या विचार करू लागली आणि एकदम चमकली. बाजाराची एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. जो विक्रेता माल फक्त त्याच्या सोयीच्या वेळी दाखवतो आणि एरवी झाकून ठेवतो, त्याची मच्छी हमखास शिळी असते. महाराज सूत संध्याकाळी बांधायचे आणि सकाळी दाखवायचे. सकाळी बांधून संध्याकाळी का नाही दाखवत?

टोपली तशीच सोडून ती उपकेंद्रात गेली.

"सिस्टर, रोग जाळ्यातही उतरते काय?"

रुचिताने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. "मावशी, दिवसभर उभं राहिलं की अंगातलं पाणी पायात उतरते. रातभर पाय वर ठेवला की ते परत चढते. तुमच्या पायातल्या पाण्याच्या वाटा जंतूंनी बिघडवल्या, म्हणून तुमचा पाय जास्त फुगते. चांगल्या मानसाचाही थोडा फुगतेच."

"महाराजाचाही?"

"महाराज का मानूस नाही?"

"मंग तुह्या गोळीनं माहा पाय पयल्यावानी होईन?"

इथं रुचिता खोटं बोलू शकली असती. गोळी खपली असती आणि गावही खूश झालं असतं. "नाही," ती म्हणाली. "सुजला तो पुरता नाही उतरत. रोज साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, रात्री पाय वर घ्या, त वाढणार नाही. गोळी रक्तातल्या जंतूंसाठी हाय. जंतू आपल्या अंगात लपून असतात, दिसत नाहीत. डास एकाचे जंतू दुसऱ्याले नेऊन देते. साऱ्यांनी गोळी खाल्ली त डासाले न्यायले काही राहणारच नाही. म्हणून ज्याले काही झालं नाही, त्यालेही लागते."

बायाबाईने रुचिताच्या मांडीवरून पाय खाली घेतला. मग विचारलं, "माह्या पायाचे जंतू नीतूले जाऊ शकते?"

"गावात कोनाचेही जाऊ शकते. हापशीजवळची नाली तुंबून हाय, तिथंच डास होतात. आमाले ट्रेनिंगमंदी सांगतलं, चाळीसेक वर्षांमागं कॅनडात देशोदेशीचे लोक जमले आन् त्यायनं ठरवलं, की आरोग्य काही दवाखान्यात तयार होत नाही. मानूस जिथं राहते, राबते, खेळते, तिथं ते तयार होते. आन् ते लोकायच्याच हाती पायजे."

"एवढ्या दूर कायले गेले? हापशीवर आले असते त मीच सांगतलं असतं." बायाबाई हसली. मग तिने डोळे पुसले. नीतू घराजवळ त्याच नालीकाठी खेळायची.

दुसऱ्या फेरीला महाराज यायचे होते. बायाबाईने निरोप धाडला, गावाला दिवसभराचा दरबार हवा आहे, सकाळीच या. धानाचा मोसम होता. महाराज दोन टेम्पो घेऊन आले. बायाबाईने त्यांना उंच खुर्चीवर बसवलं आणि हात जोडले.

"महाराज, तुमच्या पावन पायाले आमचं सूत बांधू द्या. संध्याकाळी काढून देवघरात ठीवन."

महाराज विरघळले. बायाबाईने त्यांच्या गोऱ्यापान, गुबगुबीत घोट्यावर लाल सूत बांधलं. ढिलं नाही, घट्ट नाही. बरोबर बोट जाईल असं. मग महाराज दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसले. लोक पाया पडत राहिले, शिरा-पुरी येत राहिली. उठावं म्हटलं की बायाबाई नव्या भक्ताला पुढं ढकलायची. दुपारनंतर महाराज पाय चोळू लागले.

सूर्य टेकला तशी बायाबाई ओट्यावर चढली आणि बाजारात ओरडायची तशी ओरडली, "आता महाराजांचं सूत काढतो हो! केवळरामदादा, घाला बोट!"

केवळरामांनी भक्तिभावाने बोट घालून पाहिलं. करंगळी घालून पाहिली. सूत मांसात नाहीसं झालं होतं. ते घाबरून मागं सरले.

"बाप्पा! महाराजाले हत्तीपाय झाला!"

गर्दीत गलका उठला. महाराज ओरडले, "मूर्खांनो, दिवसभर बसल्यावर पाय सुजणारच! कुणाचाही सुजतो!"

"हाव ना!" बायाबाई म्हणाली. "संध्याकाळी कोनाचाही सुजते आन् निजल्यावर उतरते. माहाही तसाच उतरला होता. पाहा!" आणि तिने सगळ्यांसमोर लुगडं वर घेऊन फुगलेला पाय दाखवला. इतके दिवस झाकलेला तो पाय तिने ओट्याच्या कडेशी आणून धरला. "धानाच्या पोत्यावर उतरला, जाळ्यावरही उतरला. रोग पोत्यात गेलाच नाही. गेलं ते फक्त धान!"

धान हा शब्द गावाला शंभर भाषणांपेक्षा लवकर कळला. लोक टेम्पोंकडे धावले. केवळरामांनी दोन्ही चाव्या खिशात घातल्या आणि मागच्या पोत्यांचा हिशेब लागेपर्यंत महाराज इथंच राहतील, असं जाहीर केलं. त्या गडबडीत महाराज लंगडत, गोळ्यांचा डबा घेऊन गर्दीत उभ्या असलेल्या रुचिताकडे सरकले.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "ती गोळी... माझ्या पायाला काही झालेलं तर नसेल ना?"

"आधी जेवलात का? उपाशी पोटी देत नाही आम्ही."

"जेवलो. दिवसभर."

महाराजांनी सगळ्या गावासमोर सरकारी गोळी गिळली. मोहिमेला एवढी चांगली जाहिरात कधी मिळाली नव्हती. मागं रांग लागली आणि बायाबाईने सगळ्यांत पुढं नीतूला उभं केलं.

"आजी, मले त काही झालंच नाही," नीतू म्हणाली.

"म्हनूनच, माय. काही होऊच नये म्हनून."

आठवडाभरात बायकांनी मिळून हापशीजवळची नाली मोकळी केली. चमत्कार झाला म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की हाच चमत्कार दुसऱ्या वेळी, दुसऱ्याच्या पायावर दाखवाल का? एवढं विचारायला शाळा लागत नाही.

बायाबाईचा पाय अजून संध्याकाळी सुजतो. ती तो साबणाने धुते, पुसते आणि परत मिळालेल्या धानाच्या पोत्यावर ठेवून निजते. शेजारी नीतू दिवसभर पळून दमलेले आपले दोन बारीक पाय पसरून झोपलेली असते. बायाबाई निजण्याआधी त्या पायांवरून एकदा हात फिरवते.