राखाडी ठिपके

“माघी पुनवेच्या आत ये बाई. इसरू नको. मळ्यावर आमचं कुनी नाय.”

पौषात पेठकडच्या आमच्या पाड्यावरून माणसं जीप भरभरून दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांवर निघाली, तेव्हा ललिता असं म्हणाली होती. बारकू, तिचा नवरा, टपावर बोचकी बांधता बांधता “चल ना गं” म्हणून हाका मारत होता, तरी ती माझा हात सोडेना. आठवा महिना लागलेला. पहिलं बाळ पोटातच गेलेलं, अंगात रक्त कमी. मी पाड्याची नर्स. तिच्या पोटावर हात ठेवून म्हटलं, “येते.”

मग माघ उजाडला आणि मला नाशकात बोलावणं आलं. आरोग्याच्या संगणकांचं प्रदर्शन, देशोदेशीची माणसं. दालनात शिरले तर सगळीकडे निळा उजेड, गार हवा, पायाखाली मऊ गालिचा. बोलणी कानावर येत होती ती पाण्याखालून आल्यासारखी. भिंतीएवढ्या पडद्यावर आमचा तालुका काळोखासारखा पसरला होता आणि त्यावर हिरवे ठिपके थरथरत होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक गरोदर बाई. रामकुंडावर सोडलेले दिवेच जणू. माझी बोटं पदराआड आपोआप जपाच्या माळेवर फिरू लागली.

“ह्या सिस्टर,” कंपनीचा सुनील पाहुण्यांना सांगत होता, “जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ यादी ह्यांची. चार वाजता सत्कार आहे.”

एका परदेशी बाईंनी पडद्याकडे बोट करून काही विचारलं. हिरव्यांच्या मध्ये काही ठिपके विझल्यासारखे होते, राखाडी.

“ते बंद झालेले,” सुनील म्हणाला. “स्थलांतरित. त्यांच्या तारखांची आठवण यंत्र करून देत नाही, म्हणून तर यादी स्वच्छ राहते.”

आमच्या पाड्यावर एक ठिपका राखाडी होता.

रोज सकाळी जप झाला की मी टॅब उघडते. ज्यांचे दिवस जवळ आले त्यांची नावं आपोआप वर येतात. ललिताचं आलं नाही, म्हणून मी निर्धास्त होते. उद्याच्या पौर्णिमेच्या पूजेची फुलंसुद्धा सांगून ठेवली होती.

शेजारी सुरगाण्याची राखी उभी होती, माझ्यासारखीच नर्स. मी हळूच विचारलं, “अगं, मळ्यावर गेलेल्यांचं तू काय लिहितेस?”

“लिहायचं काय त्यात? ‘गावात आहे’ दाबायचं. चार महिन्यांनी येतातच की परत.”

“पण ते खोटं ना.”

राखीनं माझ्याकडे बघितलं. “दाबलंस की काय तू खरं? अगं माझे आई, देव एवढ्याला रागावत नसतो!”

खोटं लिहायचं नाही, हे माझं व्रत. गुरूंची दीक्षा घेतली तेव्हापासूनचं. टॅबवर दोनच रकाने होते: गावात आहे, स्थलांतरित. ललिता गावात नव्हती, म्हणून मी दुसरा दाबला. माझ्याच बोटानं.

बारकूचा फोन लावला. बंद. दिंडोरीकडच्या केंद्राच्या यादीत ती कधी नव्हतीच. एवढं मात्र आठवत होतं, मोहाडीच्या वाटेवर, पाण्याच्या टाकीशेजारचा मळा. जीपमध्ये चढताना तिनं दोनदा सांगितलं होतं.

मी पिशवी उचलली. रक्तदाबाचं यंत्र आत होतंच.

“सिस्टर, कुठे?” सुनील मागे धावला. “चारला फोटो आहे!”

“माझा सत्कार राखी घेईल.”

“तुझा सत्कार मी कसा घेईन?” राखी म्हणाली. मग तिनं टेबलावरची पाहुण्यांची दोन केळी उचलून माझ्या पिशवीत टाकली. “तुझं एकवेळ जेवायचं व्रत मला ठाऊक आहे. ही तिच्यासाठी.”

मागे पडद्यावर हिरवे दिवे हलत होते. काचेचं दार आपोआप उघडलं. बाहेरचं ऊन एकदम खरं वाटलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून पिशवीत ठेवलं, पदर खोचला आणि दिंडोरीच्या गाडीसाठी मी जुन्या सीबीएस स्टँडची वाट धरली.